चेक आणि स्लोव्हाक या मुळात एकच भाषा होत्या का, आणि त्या वेगळ्या कधी झाल्या?

दोन्ही भाषा पश्चिम स्लाव्ह कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्या बोलींमधला फरक मध्ययुगापासूनचा असला, तरी स्लोव्हाकची स्वतंत्र प्रमाणभाषा १८व्या-१९व्या शतकातच घडली. साधारण १२व्या ते १४व्या शतकांत चेकमधील मृदू (जीभ टाळूकडे उचलून उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनांशेजारचे स्वर बदलले, स्लोव्हाकमध्ये मात्र ते टिकून राहिले: 'आत्मा' या अर्थी चेकमध्ये 'दुशे', स्लोव्हाकमध्ये 'दुशा'; 'किल्ली'ला तिकडे 'क्लीच', तर इकडे 'क्ल्यूच'. तरीही, स्लोव्हाकिया हंगेरीच्या राज्यात असूनसुद्धा, तिथले प्रोटेस्टंट लोक १५७९पासून छापल्या गेलेल्या क्रालित्से बायबलची चेक हीच आपली उपासनेची आणि लेखनाची भाषा मानत. १७८७मध्ये आंतोन बेर्नोलाक या कॅथलिक धर्मगुरूने पश्चिम स्लोव्हाक बोलींवर आधारलेले लेखननियम मांडले, पण ते सर्वांनी स्वीकारले नाहीत. खरे वळण आले ते १८४३मध्ये, जेव्हा स्लोव्हाक भाषाअभ्यासक ल्युदोविट श्टूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मध्य स्लोव्हाक बोली पायाभूत धरली. स्वतः प्रोटेस्टंट असून परंपरेने चालत आलेली चेक सोडण्याचा त्यांचा हा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो. पुढे १८५०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या सुधारणेनंतर दोन्ही पंथांनी ही एकच प्रमाणभाषा मान्य केली. मात्र ही विभागणी प्रमाणभाषांपुरतीच काटेकोर आहे. पूर्व मोराव्हियातल्या (चेक प्रदेशाच्या स्लोव्हाकियालगतच्या भागातल्या) बोली आजही स्लोव्हाककडे झुकतात आणि १९२०च्या चेकोस्लोव्हाक कायद्याने तर 'चेकोस्लोव्हाक' ही एकच राजभाषा मानली होती.