बागेत नेलं तरी खेळतच नाही

मार्च संपून सुट्ट्या जवळ आल्या, की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावते. शब्द बदलतात, सूर तोच. "मॅडम, एवढं बागेत घेऊन जातो, पण हा खेळतच नाही." "सगळी पोरं झोपाळ्यावर, आमची आपली मातीत बसलेली." "कामं टाकून न्यायचं, आणि ही मांडीवरून खाली उतरत नाही." मुलं साधारण अडीच ते पाच वर्षांची. जाता जाता, दार उघडताना, खरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: "याच्यात काही कमी तर नसेल ना हो?"

अशा सगळ्यांसाठी स्वातीची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, आणि दोन-तीन घरांचे तपशील मुद्दाम एकमेकांत मिसळले आहेत.

स्वाती कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, घरी सासूबाई, मुलगा ओम साडेतीन वर्षांचा. पूर्वी ती एका दवाखान्यात रिसेप्शनला होती; ओम झाल्यावर नोकरी सोडली. पहिल्याच भेटीत तिने मोबाइल पुढे केला आणि बागेतले फोटो दाखवायला लागली. घसरगुंडीपाशी ओम, झोपाळ्यापाशी ओम, सी-सॉपाशी ओम. सगळीकडे डोळे बारीक केलेले आणि तोंड वाकडं. मधेच एक फोटो तिने झपकन पुढे सरकवला.

"थांबा, तो मागचा दाखवा."

"त्यात काय बघायचंय मॅडम? झाडाखाली बसलाय नुसता."

"काय करतोय?"

"करंजाच्या शेंगा गोळा करतोय. रोज तेच. एवढ्या लांब मी घेऊन जातो ते शेंगा गोळा करायला?"

त्या एका फोटोत मात्र मुलाचा चेहरा सैल होता. उकिडवा बसलेला, जिभेचं टोक बाहेर, समोर शेंगांची ओळ. मी तिला तेव्हा काही बोलले नाही. आधी वेळापत्रक विचारलं.

"किती वाजता जाता?"

"चारला. पाचनंतर गर्दी होते, मग झोपाळा मिळत नाही."

"घसरगुंडीवर कधीच बसला नाही?"

"एकदा बसला. मधेच रडायला लागला. तेव्हापासून नाव काढत नाही. माझ्या जावेची मुलगी याच्याहून लहान, ती सरसर जाते. हा भित्रा आहे हो."

"घसरगुंडी पत्र्याची आहे का? आणि ओमच्या अंगात काय असतं?"

"पत्र्याचीच. हाफ चड्डी असते, उन्हाळा आहे ना."

"तुम्ही त्या पत्र्याला हात लावून बघितलात कधी?"

ती गप्प झाली. पुढच्या भेटीला नवरा सोबत आला होता. त्याने स्वतः जाऊन हात लावला होता. "मॅडम, आयुष्य लोखंड वितळवण्यात चाललंय माझं," तो हसत म्हणाला, "आणि हे डोक्यात आलं नाही बघा."

इथे थोडं थांबून उन्हाबद्दल बोलायलाच हवं, कारण निम्म्या 'भित्र्या' मुलांचं उत्तर इथेच सापडतं. आपलं घड्याळ देशाच्या मधल्या रेषेवर चालतं आणि कोल्हापूर त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला, आणि घड्याळातले चार म्हणजे उन्हाच्या हिशेबाने साडेतीनच. मे महिन्यात सूर्य मावळायला सात वाजतात. चार वाजता पत्र्याची घसरगुंडी, झोपाळ्याची लोखंडी कडी, खाली अंथरलेलं काळं रबर, यातलं काहीही नाजूक कातडीला चटका देण्याइतकं तापलेलं असू शकतं. प्लास्टिकही तापतं, रंगीत आहे म्हणून फसू नका. पालथा हात पाच सेकंद ठेवून बघायचा. आपल्याला सहन झाला नाही, तर मुलाला बसवायचं नाही. शिवाय लहान मुलांचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि त्यांना घामही कमी येतो. लाल झालेला चेहरा, चिडचिड, अंग टाकून देणं ही हट्टाची लक्षणं समजून आपण रागावतो, आणि मुलाला खरं तर पाणी आणि सावली हवी असते. तीही शक्यतो झाडाची. पत्र्याच्या शेडखाली वरून धग येतच राहते. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडत असतं, म्हणून त्याच्याखाली खरोखर गार वाटतं.

तेव्हा ओम सावलीला जाऊन बसत होता यात बिघडलं काय होतं? मला तर मुलगा शहाणा वाटला.

स्वातीने वेळ बदलली. साडेपाचनंतर जाऊ लागली, चड्डीऐवजी पातळ सुती पँट, सोबत पाण्याची बाटली आणि टोपी. आता गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. ती आली ती जास्तच वैतागून. "घसरगुंडी गार असते, मी स्वतः हात लावून बघतो. तरी हा झाडाखालीच!"

अशा वेळी उपाय सांगण्याची घाई न करता मी माणसाकडे बघते; हे मला इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलं आहे. मुलाबद्दल सगळं विचारून झालं होतं. आईबद्दल काहीच नाही.

"स्वाती, बागेत तुम्ही कुठे बसता?"

"बसत नाही मी."

"मग?"

"घसरगुंडीपाशी थांबतो. त्याला हाका मारतो. ये, बघ दादा कसा गेला, तू पण ये. मग जाऊन उचलून आणतो."

"आणि घरी गेल्यावर?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "घरी गेल्यावर आई विचारतात, आज काय काय खेळला गं? मला सांगायला काहीच नसतं मॅडम. नोकरी सोडून दिवसभर याच्याच मागं असतो मी. आणि संध्याकाळी सांगायला काय, तर शेंगा."

हे बोलली आणि तिचे डोळे भरून आले. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि गप्प राहिले. समुपदेशनात असा क्षण येतो तेव्हा भरभरून बोलण्याचा मोह होतो, आणि नेमका तेव्हाच तो आवरावा लागतो. बराच वेळ रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग तिचीच ती म्हणाली, "म्हणजे बागेत त्याला माझ्यासाठी खेळायला लागतंय होय?"

या वाक्यासाठी मी तिला दहा गुण दिले असते. जे मी तिला सांगायच्या तयारीत होते, ते तिने माझ्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगितलं. बाग ही तिची रोजची तोंडी परीक्षा झाली होती. परीक्षक घरी, उमेदवार ती, आणि उत्तरपत्रिका म्हणजे ओम. मुलं हे ओळखतात. आईचा आवाज ताणलेला आहे, ती आपल्यापेक्षा घसरगुंडीकडे जास्त बघतेय, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला पुरतं कळतं. आई बेचैन असली की तो तिच्यापासून लांब जाऊन काही नवीन करून बघत नाही. ओळखीच्या एका गोष्टीला धरून बसतो. माझा सगळा भर पहिल्यापासून याच गोष्टीवर आहे. मुलाला खेळायला शिकवावं लागत नाही. परतून येण्याची एक खात्रीची जागा द्यावी लागते, मग ते आपणहून लांब जातं. ती जागा म्हणजे बसलेली आई, किंवा बाबा, किंवा आजी. इकडून तिकडे धावणाऱ्या, हाका मारणाऱ्या आईकडे परतायचं कुठे?

आणि 'नुसतं बघणं' हे वाया जाणं मुळीच नव्हे. १९३२ साली मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात इतरांचा खेळ बघत उभं राहणं हा स्वतंत्र प्रकार धरला आहे, आणि एकट्याने खेळणं हा आणखी एक. पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या आपल्या ताराबाई मोडक. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी मुलांच्या अंगणात, झाडाखाली, शंख, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य घेऊन बालशिक्षण उभं केलं. ओमची शेंगांची ओळ बघून त्यांनी त्याला उचलून घसरगुंडीवर नक्कीच ठेवलं नसतं.

स्वातीला मी एकच काम दिलं. बागेत गेल्यावर ओम ज्या झाडाखाली जाईल तिथे सतरंजी टाकायची आणि बसायचं. मोबाइल पिशवीत. 'जा खेळ' म्हणायचं नाही, 'किती छान' असंही म्हणायचं नाही. तो काही दाखवेल तर बघायचं.

"आणि काहीच झालं नाही तर?"

"तर तुमचे पाय दुखायचे थांबतील."

पहिल्यांदा तिला फार अवघड गेलं, हे तिने नंतर सांगितलं. शेजारची एक बाई विचारून गेली, "बरं नाही का?" ओमने तिच्याकडे दोनदा वळून बघितलं, ती उठत नाही याची खात्री करून घेतली बहुतेक. मग एक शेंग आणून तिच्या मांडीवर ठेवली. गेला, दुसरी आणली. दर खेपेला जरा लांबून. पुढे कधीतरी शेंगा आणायला तो घसरगुंडीच्या मागे गेला, तिथे एका मुलीने त्याच्याकडे शेंग मागितली, आणि त्या दोघांचं दुकान सुरू झालं. घसरगुंडीवर तो बसला तो दुकानातला माल वरून खाली सोडायला. आधी शेंगा, मग स्वतः. त्याआधी त्याने पालथा हात पत्र्यावर ठेवला आणि ओरडून आईला सांगितलं, "गार हाय!"

सासूबाईंना मी एकदा मुद्दाम बोलावून घेतलं. त्या भुदरगडच्या, कडक दिसणाऱ्या आणि आतून मऊ. 'काय खेळला' या प्रश्नाने सुनेच्या पोटात गोळा येतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. "आमच्या आईनं आम्हाला कधी खेळ म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "झाडाला झोळी बांधायची, थोरल्यांना खाली सोडायचं आणि बायका भांगलायला. चिंचोके, शेंगा, खडं. दिवस जायचा." मी म्हटलं, "मग ओम तुमच्यावरच गेलाय की." आता त्याही कधी कधी सतरंजीवर असतात, आणि गुलमोहराच्या कळीतले केसर एकमेकांत अडकवून कुणाचं डोकं आधी तुटतं हा खेळ नातवाला त्यांनीच शिकवला. घरी विचारायचा प्रश्नही बदलला: आज काय बघितलंस रे?

मला विचारलं जातं, नेमकं कुठे न्यायचं? मोठी झाडं हीच माझी पहिली अट, खेळणी नंतर. टाऊन हॉलच्या बागेत उंच जुनी झाडं आहेत आणि तेवढ्यासाठी ती मला लहानग्यांसाठी आवडते. महावीर उद्यान सकाळी चांगलं. विद्यापीठाच्या आवारात झाडांच्या कडेने नुसतं चालवून आणलं तरी मूल खूश असतं. रंकाळा कुणाला आवडत नाही? पण चौपाटीवर संध्याकाळी सूर्य थेट समोर असतो, आणि भेळ, घोडा, गर्दी यांत तीन वर्षांचं पोर गांगरतं. तिथे ऊन कलल्यावर जा. सकाळी साडेनऊच्या आत किंवा साडेपाचनंतर, एवढं उन्हाळ्यात पाळलं तरी पुष्कळ. वळीव येईल असं वाटलं, ढग गडगडले, तर मात्र झाडाखाली थांबायचं नाही. पक्क्या इमारतीत जायचं.

बिया-शेंगा हाताळू द्या, तोंडात घालू देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात चिंचोकासुद्धा अडकतो. कण्हेर आणि पिवळी बिट्टी बागांच्या कडेला सर्रास लावलेली असते, आणि ती विषारी आहे, पानांपासून बियांपर्यंत. गुंजाही तशाच. 'व्यायाम होत नाही' ही काळजी असेल तर सांगते: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटांची हालचाल सुचवली, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. पण ती दिवसभरात विखुरलेली चालते. जिना चढणं, धावत दाराशी जाणं, शेंगांच्या फेऱ्या, सगळं धरायचं.

आता त्या दारातल्या प्रश्नाबद्दल. बागेत एकटं बसणं हे एवढंच असेल तर घाबरू नका. मात्र मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, आवडलेलं काही तुम्हाला आणून दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर बाग बदलत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटून विकासाची तपासणी करून घ्या, लवकर. ओम शेंग आणून आईच्या मांडीवर ठेवत होता. मला त्याची काळजी वाटली नाही ती त्यामुळेच.

परवा स्वातीचा फोन आला. "मॅडम, आता हा बागेतून निघतच नाही. लोळण घेतोय."

साडेतीन वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटं' कळत नाहीत. 'अजून दोनदा घसरायचं, मग चपला' हे कळतं. दोनदा म्हटलं की दोनदाच. तिसऱ्याला विरघळू नका. आणि एक शेंग खिशात घरी नेऊ द्या, त्याने निघणं सोपं होतं. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तेवढे बघत जा.