विंडोजवर ‘फोर्क’ इतका महाग का पडतो?

प्रश्न : लिनक्ससाठी लिहिलेला आमचा जुना प्रोग्रॅम आम्ही सिग्विनच्या (विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने विंडोजवर चालवतो. फोर्कपाशी तो फार मंदावतो आणि मधूनच ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असा संदेश देऊन थांबतो. रॅम वाढवूनही फरक पडला नाही. कारण काय असावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न रॅमचा नाही. युनिक्समध्ये फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची (चालत असलेल्या प्रोग्रॅमची) हुबेहूब प्रत, आणि आजचे लिनक्स तर मेमरीची पाने दोघांपैकी कोणी त्यांत लिहीपर्यंत सामाईकच ठेवते. विंडोजचा क्रिएटप्रोसेस मात्र फाइलमधून प्रोग्रॅम नव्याने सुरू करतो. मूळ प्रोसेसच्या मेमरीत काय होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

ही उणीव सिग्विन बाहेरून भरून काढते. तोच प्रोग्रॅम स्थगित अवस्थेत पुन्हा सुरू करून पालक (मूळ) प्रोसेस स्वतःची स्थिती सेटजम्पने टिपून ठेवते आणि आपला डेटा अपत्य (नव्या) प्रोसेसमध्ये उतरवते. मग जागी झालेली अपत्य प्रोसेस, आपण फोर्कमधून आलो आहोत हे ओळखून, लाँगजम्पने त्या स्थितीत पोहोचते आणि पालकाचे स्टॅक व हीप (चालताना वापरात असलेले मेमरीचे भाग) नकलून होईपर्यंत थांबून राहते. पुढच्याच ओळीत एक्झेक (प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम भरणारी आज्ञा) येऊन हे सारे पुसले जाणार असले, तरी ही नक्कल टळत नाही.

तुम्हाला दिसणारा संदेश बहुधा डीएलएलमुळे (प्रोग्रॅमला चालताना जोडल्या जाणाऱ्या विंडोजच्या लायब्ररी फाइलींमुळे) येतो. नकललेले पॉइंटर (मेमरीतले पत्ते) अपत्यात खरे ठरायचे, तर प्रत्येक डीएलएल पालकातल्याच पत्त्यावर बसली पाहिजे. अँटीव्हायरसने स्वतःची डीएलएल मध्येच घुसवली किंवा दोन डीएलएलचे पत्ते एकमेकांवर आले, की फोर्क फसतो. सिग्विनच्या सर्व प्रोसेस बंद करून डॅश या साध्या शेलमधून, डीएलएलचे पत्ते नव्याने लावून देणारे रीबेसऑल चालवावे. ३२-बिट सिग्विन असल्यास ६४-बिटवर जावे, कारण तिथे पत्त्यांना ऐसपैस जागा मिळते.

मंदपणावर मात्र माझ्या मते प्रोग्रॅम बदलणे हाच खरा उपाय आहे : जिथे फोर्कपाठोपाठ लगेच एक्झेक आहे, तिथे सिग्विनचे स्पॉन (नवा प्रोग्रॅम थेट सुरू करणारी आज्ञा) वापरावे, कारण ते क्रिएटप्रोसेसशी बरेचसे थेट जुळते. एक्झेकविना नुसत्या फोर्कवर चालणारा सर्व्हर असेल, तर थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामे) वापरावेत किंवा तो डब्ल्यूएसएल २ वर, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीवर, न्यावा. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नलच चालतो.