पहिले लहान घर बांधणार कोण?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत नोकरीला आहे आणि पत्नी खासगी बालवाडीत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला 46 हजार रुपये घरात येतात. फुलेवाडीत दोन खोल्यांचे 9 हजार रुपये भाडे आहे. मुलीची शाळा, किराणा, गॅस, दवाखाना आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे वजा जाता नऊ वर्षांत कसेबसे पाच लाख रुपये साठले. माझ्या मामांनी एसटीत कंडक्टर असताना एका पगारावर शहरात दीड खोलीचे घर घेतले होते. आम्ही मात्र जिथे जावे तिथे 42 लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट दाखवला जातो. त्याहून लहान नवे काही बांधलेलेच नाही, असे उत्तर मिळते. आता एक एजंट शहराबाहेर एक गुंठा जागा सहा लाखांत, नोटरी करून देतो म्हणतो. घ्यावी का? की आम्हीच कुठे चुकलो?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रातला खरा सल तिथेच आहे. आपण चुकलेला नाही. मामांनी घेतले तशा मापाचे घर आज बाजारात येतच नाही, आणि जे बांधलेच जात नाही ते काटकसर करून विकत घेता येत नाही.

असे का झाले, याचे उत्तर पुष्कळसे हिशेबात आहे. जमीन, जिना, लिफ्ट, पार्किंग आणि परवानग्या यांचा खर्च फ्लॅट लहान केला म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे महाग जागेवर बांधणारा मोठ्या फ्लॅटकडेच वळतो. कोल्हापुरात जागेची टंचाई अधिक आहे. 1972 मध्ये महापालिका झाली, पण त्यानंतरची पाच दशके हद्दवाढ नुसती चर्चेतच राहिली, आणि पंचगंगेच्या बाजूला पूररेषेने बांधकामाला मर्यादा घातली आहे. मला अधिक खटकते ती गोष्ट वेगळी आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गृहप्रकल्पांनी 20 टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावीत अशी तरतूद झाली, परंतु ती दहा लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या 5 लाख 49 हजार होती. म्हणजे पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकावर जे बंधन आले, ते कोल्हापुरात आले नाही. लहान शहरात घरे आपोआप स्वस्त असतात, ही समजूत या तरतुदीमागे असावी. आपले पत्र ती खोटी ठरवते.

आता एक गुंठ्याविषयी. कृपा करून त्या कागदावर सही करू नका. नोटरीने सही-शिक्का केल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले खरेदीखतच लागते. अशा व्यवहारात सातबारावर मूळ मालकाचे किंवा त्याच्या सगळ्या भाऊबंदांचे सामाईक नाव तसेच राहते, बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवानाही मिळत नाही. ‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ असे एजंट सांगेल. त्याला इतकेच विचारा, की हा भूखंड कधी पाडला? गुंठ्यागुंठ्याने विनापरवाना पाडलेले भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा आहे, आणि त्याची मुदत वाढवली तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या भूखंडांसाठी. त्याशिवाय ती जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का, हेही पाहावे लागेल. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा; 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. 2019 मध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी 55 फुटांच्याही वर गेले आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला, हे आपण फुलेवाडीत राहून पाहिलेच असेल. स्वस्त जागा स्वस्त का आहे, याचे उत्तर अनेकदा पावसाळ्यात मिळते. नऊ वर्षांची शिल्लक त्यात घालवू नये.

42 लाखांचा फ्लॅटही आज आपल्यासाठी नाही. 30 लाखांपेक्षा अधिक गृहकर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे 8 लाख 40 हजार रुपये पदरचे हवेत, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा. उरलेल्या 33 लाख 60 हजारांवर साडेआठ टक्के व्याज धरले तर वीस वर्षांसाठी हप्ता 29 हजारांच्या वर जातो. राहिलेल्या 17 हजारांत मुलीची शाळा आणि आईवडिलांचे औषधपाणी बसवायचे, हे मी आपल्याला सुचवणार नाही.

माझ्या मते आपण नवे घर शोधणे थांबवावे आणि एक बेडरूमच्या जुन्या फ्लॅटची चौकशी सुरू करावी. समजा असा फ्लॅट 26 लाखांत मिळाला. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला 90 टक्क्यांची मर्यादा असल्याने 23 लाखांचे कर्ज नियमात बसते. त्याचा हप्ता वरच्याच दराने सुमारे 20 हजार रुपये होईल. पदरचे तीन लाख आणि दस्ताच्या खर्चासाठी सुमारे दीड लाख, असा हिशेब आपल्या शिल्लकीत मावतो. दस्त केवळ पत्नीच्या नावे केला तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. कर्ज दोघांच्या नावे घेता येते. शिवाय प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर व्याजावर एकूण 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळू शकते. कुटुंबात कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, ही अट मात्र कडक आहे. गावचे घर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. 42 लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला हे अनुदान नाही, हेही लक्षात ठेवा.

जुन्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, घरफाळ्याची थकबाकी आणि वकिलाकडून मागच्या 30 वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल, एवढे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पुणे मंडळाच्या म्हाडा सोडतीत कोल्हापूर जिल्ह्याचाही समावेश होतो, तिकडे लक्ष ठेवावे.

आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी सहा महिने एक करून पाहा. भाडे भरून झाल्यावर दरमहा 11 हजार रुपये आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे आपण 20 हजारांचा हप्ता भरत असल्यासारखेच होईल. या सहा महिन्यांत जूनची शाळा किंवा दिवाळी, दोन्हींपैकी एक तरी येऊ द्या. ठेव एकदाही न मोडता निभावले तर बँकेत जा, तोवर जवळ 66 हजार अधिक जमलेले असतील. ठेव मोडावी लागली तर फुलेवाडीतल्या भाड्याच्या घरात आणखी दोन वर्षे राहण्यात काहीही कमीपणा मानू नका. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार मात्र नोंदवून घेत जा, आणि अनामत रकमेचा उल्लेख त्यात करायला लावा.