'इंटर्नल डिरेंजमेंट' हे निदान नव्हे, आणि प्रत्येक 'ग्रेड 2' सारखा नसतो

एमआरआयच्या अहवालात वर 'इंटर्नल डिरेंजमेंट ऑफ नी' (गुडघ्याच्या आतला बिघाड) आणि खाली 'मेडिअल मेनिस्कस, पोस्टेरिअर हॉर्न (गुडघ्यातील आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग), ग्रेड 2 सिग्नल' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ काय आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया अटळ आहे का, असे आपण विचारले आहे. यांतील पहिल्या नावाला मी निदान मानतच नाही. विल्यम हे (Hey) या इंग्रज शल्यचिकित्सकाने ते 1784 साली वापरले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला शंभराहून अधिक वर्षे होती आणि गुडघ्याच्या आत नेमके काय बिघडले आहे हे बाहेरून पाहण्याची काहीच सोय नव्हती. आज बहुधा तपासणीसाठी पाठवणारे डॉक्टर चिठ्ठीवर शंका म्हणून ते लिहितात आणि अहवालाच्या माथ्यावर तेच उतरते. म्हणजे आपण सांगितलेली तक्रारच भारदस्त होऊन आपल्याकडे परत येते.

हे इतक्या तिडकीने लिहिण्याचे कारण असे की, आमच्या घरात याच शब्दांवरून मोठा वाद झाला होता आणि तो पूर्णपणे मिटला आहे असे आजही म्हणता येणार नाही. आईचा गुडघा जिना उतरताना आणि खाली बसून उठताना दुखत असे. तिच्या अहवालात मेनिस्कसपुढे 'ग्रेड 2' होते आणि वाटीमागच्या कुर्चेपुढेही 'ग्रेड 2' होते. आमच्या थोरल्या मेहुण्यांनी तो अहवाल सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, कर्करोगाच्या टप्प्यांप्रमाणे या आकड्यांचा अर्थ लावला आणि निम्मा गुडघा निकामी झाला असून आता उशीर करणे म्हणजे आईची हेळसांड करणे होय, असा निकाल देऊन टाकला. हेळसांड हा शब्द मला लागला, आणि अजून लागतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, या आकड्यांची मोजपट्टी प्रत्येक भागासाठी निराळी असते. मेनिस्कस, म्हणजे आपण जिला गुडघ्याची गादी म्हणतो ती, एमआरआयमध्ये काळी दिसते. तिच्यात पांढरा ठिपका दिसला तर ग्रेड 1, पृष्ठभागापर्यंत न पोहोचणारी रेघ दिसली तर ग्रेड 2, आणि ती रेघ पृष्ठभागाला जाऊन भिडली तरच ग्रेड 3, ज्याला गादी फाटणे म्हणतात. याउलट अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) बाबतीत ग्रेड 2 म्हणजे खरोखरच अर्धवट फाटणे. कुर्चेसाठी आउटरब्रिज यांची 1961 सालची प्रतवारी प्रचलित आहे, तिच्यात पहिली पायरी मऊ पडण्याची आणि चौथी हाड उघडे पडण्याची. साध्या एक्स-रेवरील झिजेसाठी केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांची 1957 सालची शून्य ते चार अशी आणखी एक मोजपट्टी आहे. मेहुण्यांनी या सगळ्यांची खिचडी करून टाकली होती.

शेवटी ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो त्यांनी अहवाल बाजूला ठेवून आधी गुडघा वाकवून, फिरवून पाहिला आणि सांध्याच्या आतल्या बाजूच्या फटीवर, म्हणजे नेमक्या त्या बदनाम गादीच्या जागी, अंगठा दाबला. आईला तिथे काहीच दुखले नाही. दुखले ते वाटीच्या मागे. त्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम लिहून दिले, आईने ते कंटाळत का होईना पण चिकाटीने केले, आणि काही महिन्यांनी ती जिना उतरताना कठड्याचा आधार सोडू लागली.

'आत धुऊन घेतले की सुटका' हे मेहुण्यांचे लाडके मत होते. त्यावर मी त्यांना दोन प्रयोगांची माहिती दिली होती. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीने केलेली साफसफाई आणि त्वचेवर नुसत्या चिरा देऊन केलेली लुटुपुटीची शस्त्रक्रिया यांत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 180 रुग्णांच्या अभ्यासात फरक आढळला नाही. आणि झिजेमुळे फाटलेल्या गादीचा तुकडा कापून काढण्याबद्दल फिनलंडमधील 146 रुग्णांच्या 2013 सालच्या अभ्यासातही वर्षभरानंतर तसेच दिसून आले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे 50 ते 90 वयाच्या सामान्य लोकांचे एमआरआय काढले गेले, तेव्हा ज्यांची गादी फाटलेली होती त्यांपैकी 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता (2008). मेहुणे म्हणाले, आकडेवारीने गुडघे बरे होत नाहीत. ते खरेच आहे, पण घाबरवल्यानेही होत नाहीत. आपल्या घरीही कोणी अहवाल वाचून दाखवत असेल, तर आधी त्यांना गुडघा नेमका कुठे आणि काय करताना दुखतो हे सांगायला लावावे. आमच्याकडे तेवढ्या एका प्रश्नावर सभा बरखास्त झाली होती.

अहवालातील उरलेल्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. 'इफ्यूजन' म्हणजे सांध्यात पाणी साचणे, आणि 'माइल्ड' लिहिले असेल तर त्याने झोप उडवून घेऊ नये. 'बेकर्स सिस्ट' म्हणजे गुडघ्याच्या मागे आलेली पाण्याची पिशवी. ते पाणी बहुधा सांध्याच्या आतूनच येते, म्हणून नुसती पिशवी रिकामी केली तर ती पुन्हा भरू शकते. 'लूज बॉडी' म्हणजे सांध्यात सुटा फिरणारा हाडाचा किंवा कुर्चेचा तुकडा. तो अडकून गुडघा अडत असेल तर मात्र तो दुर्बिणीने काढणे शहाणपणाचे असते.

हे सर्व वय झालेल्या, हळूहळू दुखू लागलेल्या गुडघ्याबद्दल आहे, हे मी खरे तर आधीच सांगायला हवे होते. खेळताना किंवा पडून गुडघा पिरगळला असेल, काही तासांतच टम्म सुजला असेल, चालताना तो दगा देत असेल, किंवा वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर माझे व्यायामाचे गुणगान बाजूला ठेवून लवकर तज्ज्ञांना दाखवावे, कारण काही प्रकारच्या फाटलेल्या गाद्या शिवता येतात आणि तेथे वेळेला महत्त्व असते. सांधा लाल व गरम होऊन ताप आला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपण वय कळवलेले नाही आणि गुडघा कसा दुखावला हेही लिहिलेले नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या प्रश्नाला माझ्याकडून याहून नेमके उत्तर मिळणार नाही.