आधी पिवळा, मग जांभळा

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स बेळगावात, आता बी.एस्सी. एमएलटीचं (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी) पहिलं वर्ष. बायोकेमिस्ट्री पाठ करते, पण इंटर्नल परीक्षेला सगळं एकमेकांत मिसळतं. काय करू?
– विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : हे शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्याही घरचे नाहीत, बहुतेक ग्रीक-लॅटिन आहेत. पाठ करू नका, फोडा. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, शेवटी एमिया आलं की रक्तात. मधला तुकडा कॅलि असेल तर कॅलियम, म्हणजे पोटॅशियम (त्याचं चिन्ह ‘के’ का, तेही इथंच कळतं). कॅल्सि असेल तर कॅल्शियम. हायपोकॅलिमिया आणि हायपोकॅल्सिमिया यांत एका अक्षराचा फरक आहे आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास इथंच पाय घसरतो. वहीत प्रत्येक तपासणीची एकच ओळ करा : नाव, नॉर्मल रेंज, कुठला बल्ब (रक्त घ्यायची रंगीत झाकणाची नळी), खोटा रिपोर्ट कशानं येतो. पोटॅशियमची ओळ अशी होईल : 3.5 ते 5, पिवळा बल्ब, तांबड्या पेशी फुटल्या की खोटं वाढतं. आधी मराठीत मोठ्यानं समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत लिहा. पेपर इंग्रजीतच द्यायचा आहे.

प्रश्न : हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोस्टिंगला एका पेशंटचं पोटॅशियम 9 आणि कॅल्शियम 4 आलं. पेशंट तर चालत घरी गेला होता. मशीन बिघडलं असेल का?
– विद्यार्थी, निपाणी

उत्तर : मशीनआधी बल्बकडे बघा. पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम खूप खाली, ही जोडी एकत्र आली की पहिला संशय ईडीटीएवर, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनावर. जांभळ्या बल्बात ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. तो कॅल्शियम पकडून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. त्यातला थोडा अंश जरी पिवळ्यात गेला तरी पोटॅशियम चढतं, कॅल्शियम पडतं. असं दोन वाटांनी होतं. एक, जांभळा आधी भरून तीच सुई पिवळ्याला लावली. दुसरी वाट जास्त वाईट : पिवळ्यात रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं ओतलं. असं कधीही करू नका, रक्त पुन्हा काढा.

बल्ब भरायचा क्रम असा : निळा (सायट्रेट), लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, शेवटी शुगरचा करडा. निळा खुणेपर्यंतच भरायचा. त्यात सायट्रेटच्या एका भागाला नऊ भाग रक्त लागतं. जांभळा भरला की लगेच 8-10 वेळा हळू उलटा-सुलटा करा. झटकलात तर पेशी फुटतात, आळस केलात तर गुठळी होते आणि प्लेटलेट उगाच कमी दिसतात.

प्रश्न : वॉर्डात कन्नड अडतं. किती यायला हवं?
– विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : सुरुवातीला तीन वाक्यं पुरेत. ‘हेसरेनरी?’ म्हणजे नाव काय. ‘ऊटा माडीरेनु?’ म्हणजे जेवलात का. फास्टिंग शुगरला हे विचारल्याशिवाय सुई लावू नका. ‘कै मडचब्याड्री’, हात दुमडू नका. नाव मात्र पेशंटलाच सांगू द्या. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलंत तर आपल्याकडच्या ओपीडीत चार जण हो म्हणतील.