मागच्या सफेतले चाचा

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

रविवारी तू परत मुंबईला निघतोयस, असं तुझ्या अम्मीकडून कळलं. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून रात्रीच लिहायला बसलोय. समोर बसवून बोललो असतो, पण अशा विषयावर बोलताना माझा आवाज चढतो आणि इथे आवाज चढवून चालणार नाही.

परवा मगरिबच्या नमाजनंतर तांडेल चाचा मशिदीत नेहमीसारखे खांबाला टेकून कुराणातली सूरह यासीन म्हणत बसले होते. तू त्यांना मध्येच थांबवलंस. ‘वल्-कुरआनिल हकीम’मधला ‘ह’ घशाच्या मधून, घासून यायला हवा, असं सांगितलंस. त्यांनी पुन्हा म्हटलं, तू पुन्हा चूक काढलीस. तिसऱ्या वेळी मागची पोरं हसली. चाचा ‘हो बाळा, हो’ म्हणाले आणि टोपी सारखी करत उठले. त्यांचे हात बघितलेस का तू? पन्नास वर्षं दोर ओढून बोटं अशी झालीत की मूठ नीट मिटत नाही.

काल इशाच्या नमाजाला ते मागच्या सफेत, अगदी शेवटच्या रांगेत होते, चपला काढतो तिथे. सलाम फिरवला आणि दुआला न थांबता निघून गेले.

तू सांगितलेला उच्चार बरोबर होता, हे आधी मान्य करतो. अरबीत दोन ‘ह’ आहेत, आपल्या मराठी जिभेला ते एकच वाटतात. शिकलास, मेहनत घेतलीस, मला त्याचा अभिमान आहे. पण तू बरोबर होतास म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय. चुकीच्या माणसाचा गर्व लवकर उघडा पडतो. बरोबर असणाऱ्याचा गर्व त्याला स्वतःलाही दिसत नाही.

पैगंबर (स.) एकदा म्हणाले की, ज्याच्या मनात कणभर गर्व आहे तो जन्नतमध्ये जाणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी एकाला भीती वाटली. त्याने विचारलं, माणसाला आपले कपडे चांगले असावेत, जोडे चांगले असावेत असं वाटतं, त्याचं काय? पैगंबर (स.) म्हणाले, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं, गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. पैगंबरांच्या वचनांच्या ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली हदीस आहे, तुला पाठ असेल. म्हणजे तुझ्या इस्त्रीच्या कुर्त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग मात्र परवा मशिदीत माझ्या डोळ्यांसमोर घडला.

इब्लीसचं, त्या सैतानाचं बघ. अल्लाह आहे की नाही याबद्दल त्याला शंका नव्हती. तो तर थेट अल्लाहशी बोलत होता. आदमसमोर झुकायचा हुकूम झाला तेव्हा त्याने एवढंच म्हटलं, ‘मी त्याच्यापेक्षा चांगला आहे, तू मला आगीपासून बनवलंस आणि त्याला मातीपासून.’ सूरह अल-आराफमध्ये हे आहे, सूरह सादमध्येही आहे. त्याने दारू प्यायली नाही, कुणाचं लुबाडलं नाही. स्वतःकडे बघितलं, समोरच्याकडे बघितलं आणि तुलना केली. तुझी शुद्ध अरबी ही तुझी आग आहे बेटा, आणि चाचांची कोकणी जीभ ही त्यांची माती.

आता माझं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. शिकायला बाहेर होतो, सुट्टीत घरी आलो होतो. माझी दादी फजरनंतर ओटीवर तांदूळ निवडत बसायची आणि निवडता निवडता कुराण म्हणायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. जे येत होतं ते तिच्या आईच्या तोंडून ऐकून आलेलं. मी तिला म्हणालो, ‘दादी, असं चुकीचं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं.’ ती काही बोलली नाही. सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीवर होती, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी घरी असलो की कधीच आला नाही. दोन वर्षांनी ती गेली.

ती गेल्यानंतर एकदा पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आलेली हदीस माझ्या वाचनात आली. कुराणात पारंगत असणारा सन्माननीय फरिश्त्यांच्या सोबत असेल. आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य. दुप्पट! माझ्या दादीची दुप्पट मजुरी रोज ओटीवर जमा होत होती आणि मी मध्ये जाऊन बसलो. ते पुस्तक मी मिटलं आणि त्या दिवशी परत उघडवलं नाही.

इमाम गझालींनी लिहून ठेवलंय की विद्वानांना गर्व फार लवकर चिकटतो. इ.स. 1095 मध्ये बगदादमधली मोठी मानाची जागा सोडून निघून गेलेला हा माणूस. त्यांचं हे वाक्य मला तेव्हा कुणी दाखवलं असतं तर!

हजरत मूसांना लोकांनी विचारलं होतं, सगळ्यांत ज्ञानी कोण? ते म्हणाले, ‘मी.’ पैगंबर होते, त्यांच्या दृष्टीने खोटं काहीच नव्हतं. तरी अल्लाहला ते आवडलं नाही, आणि दोन समुद्र मिळतात तिथे खिज्र नावाच्या ज्ञानी माणसाकडे शिकायला जायला सांगितलं. पुढची गोष्ट तर तुझ्यामाझ्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच दिसते. दोघं होडीत बसलेत, एक चिमणी काठावर येऊन बसते आणि समुद्रात चोच बुडवते. खिज्र म्हणतात, माझं आणि तुझं ज्ञान अल्लाहच्या ज्ञानापुढे एवढंच, या चिमणीने समुद्रातून उचललं तेवढं. आणि सूरह कहफ वाचताना हेही बघ की ती होडी समुद्रावर राबणाऱ्या गरिबांची होती.

मग चूक दिसली तरी गप्प बसायचं का, असं तू विचारशील. नाही. एक खेडवळ अरब मस्जिदे नबवीत, पैगंबरांच्या मदिनेतल्या मशिदीत, येऊन चक्क लघवीला बसला, तेव्हा सहाबा, म्हणजे पैगंबरांचे साथी, त्याच्यावर धावून गेले. पैगंबर (स.) म्हणाले, सोडा त्याला, त्यावर पाण्याची बादली ओता, तुम्हाला सोपं करायला पाठवलंय, अवघड करायला नाही. मशीद स्वच्छ झाली आणि त्या माणसाची अब्रूही राहिली. चाचांचा ‘ह’ त्यांच्या घरी, चहा घेताना, दोघांत दुरुस्त झाला असता. कदाचित झालाही नसता, त्या वयात जीभ वळत नाही. तरी ते खांबाजवळ बसलेले राहिले असते.

दुपारनंतरच्या असरच्या नमाजनंतर चाचा जेटीवर असतात, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत, जाळं दुरुस्त करत. शुक्रवार आहे, शनिवार आहे, दोन दिवस आहेत तुझ्याकडे. हसणाऱ्या पोरांना बरोबर नेऊ नकोस. माफी कशी मागायची हे मी तुला शिकवणार नाही, मला ती कधी मागताच आली नाही. फक्त जा, जवळ बस, जाळ्याचं एक टोक धर. गाठ कशी मारायची ते त्यांना विचार. ते त्यांना फार चांगलं येतं.

तुझा,
काका