सेवा करते, पण प्रीती वाटत नाही

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीतील एक वयस्कर बाई खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. महिला मंडळाने नेमून दिल्याप्रमाणे गेले पाच महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाते, त्यांचे अंग पुसते, वेणी घालते, त्यांना जेवू घालते. त्या मात्र प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. खरे सांगायचे तर मला त्यांच्याविषयी प्रेम वाटत नाही. मनात प्रीती नसताना केलेली सेवा म्हणजे ढोंगच नव्हे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सप्रेम सलाम.

तुम्ही ढोंग करत नाही. मनात जिव्हाळा नसताना तो आहे असे तुम्ही भासवले असते, तर ते ढोंग ठरले असते. तुम्ही तर जे आहे ते सरळ लिहून कळवले आहे. बायबलमधील योहान आपल्या पहिल्या पत्रात (३:१८) शब्दाने किंवा जिभेने नव्हे, तर कृतीने आणि सत्याने प्रीती करण्यास सांगतो. आधी मन भरून यावे आणि मगच हात पुढे व्हावेत, अशी अट तो घालत नाही. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री त्याला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदाही पंक्तीला होता, आणि त्याच्या मनात काय आहे हे ठाऊक असूनही प्रभूने त्याला वगळले नाही, हे मला या प्रसंगात नेहमी फार मोठे वाटते.

तरीही तुमची खंत मी बाजूला सारणार नाही, कारण केवळ काम उरकण्याने प्रीती वाढत नाही. माझी आत्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे होती. चहा दिला की ती चिडायची. कधी गरम आहे म्हणून, कधी गार आहे म्हणून. कित्येक आठवडे मी मुकाट्याने कप ठेवून निघून जात असे. एके दिवशी सहज शेजारी बसलो, तेव्हा दिसले की तिची बोटे थरथरत होती, कप उचलला की चहा पदरावर सांडत होता, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती आधीच ओरडून आम्हाला दूर घालवत होती. त्यानंतर मी चहा बशीत ओतून बशी तिच्या ओठांशी धरू लागलो. तिचा स्वभाव काही बदलला नाही, पण तिच्याविषयीचा माझा राग मात्र त्या दिवसापासून ओसरत गेला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला कामासाठी आले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली निकड औषधांची नसून अन्नाची आणि पिण्याच्या पाण्याची असल्याचे त्यांना लोकांकडूनच कळले. त्यांनी ते मानले आणि कामाची मांडणी तशी केली. पुढे गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांच्यातील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण तुमच्या प्रश्नासाठी मला त्यांचे ते सुरुवातीचे ऐकून घेणे अधिक मोलाचे वाटते. तुमच्या कामांची यादी महिला मंडळाने ठरवली आहे. त्या बाईंना काय हवे आहे, हे कुणी त्यांना विचारले आहे का?

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला सेवा करण्याहूनही जड जाते. त्याच रात्री प्रभूने आपले पाय धुवावेत हे पेत्र या शिष्याला सोसवेना. घेणाऱ्याच्या जागी बसणे असेच अवघड असते, आणि त्या बाई पाच महिने रोज त्याच जागी आहेत. तेव्हा तुम्हीही त्यांच्याकडून काही घ्या. तुमच्या मुलांची नावे सांगून त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करा, एखाद्या जुन्या गीताची चाल विचारून घ्या. आणि तुम्ही खरोखरच थकला असाल, तर शुक्रवारचा दिवस दुसऱ्या भगिनीकडे सोपवण्यात कमीपणा मानू नका. प्रभूनेही शिष्यांना एकांती येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले होते (मार्क ६:३१).

येत्या मंगळवारी वेणी घालताना दहा मिनिटे जास्त थांबा, आणि लहानपणी त्यांची वेणी कोण घालत असे, एवढेच त्यांना विचारा.